खुर्चीतला करंट

१

"आत्या, तू ये. बाबा म्हणतायत, त्यांच्या खुर्चीत कोणीतरी करंट सोडलाय," एवढं बोलून भाच्याने फोन ठेवला आणि आत्याबाईंनी पिशवी भरायला घेतली.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, म्हाताऱ्याला चळ लागला. आत्याबाई तसल्यातल्या नव्हेत. विमा कंपनीत दाव्यांची शहानिशा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. आपोआप पेटलेली गोदामं, आपोआप घसरून पडलेली माणसं, सगळे नमुने पाहून झाले होते. त्यावरून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. माणूस कारण खोटं सांगेल, पण दुखतंय कुठे ते बहुतेक खरंच सांगतो. दादा म्हणतोय झटका बसतो, तर बसत असणार. कोण देतंय, एवढंच शोधायचं राहिलं.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर घर. डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून, चिमट्याने तिळाएवढे स्क्रू उचलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मुलाने शाळेत गणित शिकवायची नोकरी धरली, तेव्हा दादाने हे काम सुनेला शिकवलं. पोरगी शिकलीही अशी की गिऱ्हाइकं हळूच विचारायची, आज सूनबाई आहेत का? दुकान पुढे तिच्याच हाती जाणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

आणि आता दादाने त्याच सुनेला दुकानाची पायरी चढायची बंदी केली होती.

"चिमे, बस," दादा म्हणाला. बहिणीचे केस पांढरे झाले तरी त्याच्या लेखी ती चिमीच. मग त्याने पाढा वाचला. कामाला बसलं की मानेतून निघून पाठीतून थेट पायापर्यंत करंट जातो. न्हाणीघरात कोणीतरी तेलकट काहीतरी सांडून ठेवतं, दोनदा पडलो. जेवणात काहीतरी असतं, जीभ सोलल्यासारखी झोंबते. टेबलावरचे बारीक भाग नाहीसे होतात. खुर्चीला हात लावणारी, न्हाणीघर धुणारी, जेवण वाढणारी आणि त्या टेबलावर बसणारी, अशी घरात एकच व्यक्ती आहे.

"सोमवारी पोलिसांत जाणार," तो म्हणाला. "त्याआधी तिने निघून जावं. नातीचं मी बघेन."

वर स्वयंपाकघरात नळ चालू होता. सूनबाई सगळं ऐकत असणार हे आत्याबाईंना कळत होतं, आणि दादालाही कळत होतं, म्हणून तर तो इतक्या मोठ्याने बोलत होता. त्यांना त्याचा मनापासून राग आला.

२

आत्याबाईंनी आधी खुर्ची पाहिली. साधी लाकडी खुर्ची, खिळासुद्धा धड नाही तिच्यात. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन हात टेकून गेला होता. दादाने टेबलावरचा दिवा काढून टाकला होता, पायाखाली रबराची चटई घातली होती, बॅटरीचा दिवा आणला होता. तरीही झटका बसतच होता.

मग न्हाणीघर. आत्याबाईंनी अनवाणी चालून पाहिलं, कोपऱ्यात बोट फिरवून वास घेतला. फरशी खरखरीत आणि कोरडी होती.

"दोनदा पडलास तेव्हा काय करत होतास?" त्यांनी विचारलं.

"तोंड धूत होतो. साबण लावलेला होता तोंडाला."

"दोन्ही वेळा?"

"मग काय, न्हाणीघरात घड्याळं दुरुस्त करतो का मी?"

आत्याबाईंनी हे मनात ठेवलं आणि त्या माणसांकडे वळल्या.

धाकटा भाऊ आयताच समोर बसला होता. आल्यापासून तो वहिनीच्या पश्चात दादाची काळजी कोण घेणार, हे दुकान विकून कसा छान फ्लॅट येईल, असलं काहीबाही बोलत होता. सुनेबद्दल विचारल्यावर त्याने आवाज खाली आणला. ताई, मी काही बोलत नाही, पण पाणी मुरतंय. संध्याकाळी दादाचं दूध ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन करते. दुधाला दार कशाला लोटावं लागतं?

भाच्याने कपाळाला हात लावला. त्याची बायको असलं काही करणार नाही, पण वडील खोटं बोलणार नाहीत, या दोन वाक्यांच्या मध्ये बिचाऱ्याचं पार भरीत झालं होतं. एक गोष्ट मात्र त्याने कामाची सांगितली. बाबा अलीकडे अंधाराला बिचकतात. दिवे गेले की होते तिथेच भिंत धरून उभे राहतात, आणि भर दुपारी सिनेमाला नेलं तर आत शिरताना दारातच अडखळले.

राहिली सूनबाई. ती मांडीवर मुलीला घेऊन बसली होती, डोळे रडून सुजलेले. आत्याबाईंनी तिला दुकानातल्या हरवलेल्या भागांचं विचारलं. ती म्हणाली, हरवत नाहीत, सापडतात. बाबांच्या विजारीच्या दुमडीत, खुर्चीखाली, एकदा तर चहाच्या कपात. त्यांच्या बोटांतून निसटतात आणि त्यांना कळतच नाही. मी आधी गुपचूप परत जागेवर ठेवायचे. तेच चुकलं. त्यांनी मला ठेवताना पाहिलं आणि वाटलं, चोरून नेलेलं परत आणतेय.

"आणि दूध?" आत्याबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं.

मांडीवरची पोर चुळबुळ करायला लागली तरी सूनबाई हलली नाही. आत्याबाई थांबून राहिल्या, पण ती मूग गिळून बसली ती बसलीच.

३

संध्याकाळी धाकट्याने स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं, आणि तो कप फडक्यात धरूनच बाहेर आला. मागून सूनबाई, पांढरीफटक. ओट्यावर एक छोटा खल होता आणि त्यात पिवळसर पूड.

दादा उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त काहीतरी मोडल्यासारखं होतं. ही पोर त्याची फार लाडकी होती.

"बोल आता," त्या सुनेला म्हणाल्या. "आत्ता बोलली नाहीस तर मला काही करता येणार नाही."

मग सूनबाई बोलली. मुलगी पोटात असताना तिचं रक्त कमी झालं होतं, तेव्हा डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या होत्या. त्याने ती टवटवीत झाली होती. पुढे बाबा असेच पिवळे पडायला लागले, जिना चढताना दमायला लागले. गोळी म्हटली की बाबा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करतात. म्हणून ती रोज गोळ्या कुटून दुधात घालत होती. रंगही परत आला त्यांचा. पण घरात विषाची भाषा सुरू झाली आणि मग सांगायची सोयच राहिली नाही.

तिने डबा आणून दाखवला. आत्याबाईंनी गोळी चष्म्यासमोर धरली, डब्यावरचं नाव वाचलं, आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला तिथूनच फोन लावला. गोळ्या त्याच होत्या आणि ती दर महिन्याला नेत होती.

धाकटा म्हणाला, नाटक आहे. दादाने त्याच्याकडून घेतलेला दुधाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. नुकतंच उकळलेलं दूध होतं, कपाला कान नव्हता. आत्याबाई त्या हातांकडे बघत राहिल्या. कप त्यांनी काढून घेतला तेव्हा त्यांची बोटं चटकन भाजली आणि त्यांनी तो जवळजवळ टाकलाच.

दादाचे तळवे लाल झाले होते आणि त्याला पत्ता नव्हता. उजव्या मनगटावर, जिथे घड्याळाचा पट्टा असायचा, तिथे एक पांढरा चट्टा होता. आईच्या हातावरही असंच कोड होतं, हे आत्याबाईंना तेव्हा आठवलं.

"सोमवार," दादा म्हणाला.

"सोमवारच्या आत तुला झटका देणारा पकडून दिला नाही, तर मी स्वतः तुझ्याबरोबर पोलिसांत येईन," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना अर्ध्याहून जास्त कळलं होतं.

४

सकाळी त्यांनी दादाला खुर्चीत बसवलं आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगितलं. चहा आला, पिऊन झाला, जुन्या शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढून झाल्या. झटका नाही. खुर्चीने बरी वेळ साधली, असं दादा कुत्सितपणे म्हणाला.

मग त्यांनी त्याला वर जेवणाच्या टेबलाशी नेलं. खुर्ची दुसरी, खोली दुसरी. आत्याबाईंनी आपलं मनगटी घड्याळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, जरा बघ रे, काटा अडकतोय. दादाने हनुवटी छातीला टेकवली आणि तो ओरडलाच.

"इथेही लावलं का तिने?" तो धापा टाकत म्हणाला.

"वर बघ. आता पुन्हा खाली."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्याने स्वतःहून मान वाकवली, अगदी सावकाश, घड्याळाचा बिघाड शोधताना वाकवायचा तशी.

"आता उभा राहा, पाय जुळव. मी धरलंय. डोळे मीट."

डोळे मिटताच दादा एका बाजूला कलंडला. भाच्याने पुढे होऊन सावरलं नसतं तर आत्याबाईही खाली आल्या असत्या.

त्याच दिवशी त्या त्याला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई शांत होत्या आणि त्यांनी आत्याबाईंचं सगळं म्हणणं मध्ये न तोडता ऐकलं. मग पोलादाचा एक दुपाखी काटा काढून ठोकला. तो गुणगुणायला लागला. त्याची दांडी त्यांनी दादाच्या घोट्यावर टेकवली.

"थरथर जाणवते का?"

"आवाज येतोय," दादा म्हणाला. "थरथर नाही. बिघडलाय तुमचा काटा."

डॉक्टरीणबाईंनी तोच काटा पुन्हा ठोकून आत्याबाईंच्या घोट्याला लावला. हाडातून सरसरून मुंग्या गेल्या आणि त्यांनी पाय ओढून घेतला. दादाने बहिणीच्या पायाकडे पाहिलं, मग आपल्या. यंत्र चालू आहे की बंद, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरोखर भीती वाटलेली आत्याबाईंनी पाहिली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला संशय बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आहे. आत्याबाईंना टाळी द्यावीशी वाटली. रक्त गेलं, पाठीच्या कण्याचा फोटोही निघाला. घरी येताना त्या रिक्षात चक्क गुणगुणत होत्या.

५

शनिवारी रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन छान. बी-१२ अगदी ठीक.

धाकट्याने तो वाचून दाखवला, दोनदा. मग म्हणाला, ताई, माणूस रोज अंडी खातो, मासे खातो, दूध पितो. त्याला कुठून कमी पडणार जीवनसत्त्व? तुझ्या मायेपोटी तू पोरीला पाठीशी घालतेस, एवढंच.

सूनबाईने आतल्या खोलीत मुलीचे कपडे पिशवीत भरायला घेतले होते. भाचा दाराच्या चौकटीला टेकून नुसता उभा होता. आत्याबाई गॅलरीत जाऊन बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा अंदाज चुकला नव्हता असं नाही, पण चुकल्यावर कोणाचं तरी घर जाणार, अशी वेळ कधी आली नव्हती.

त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा मांडलं. फोटोत काय दिसलं ते डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलंच होतं. मज्जारज्जूच्या मागच्या भागात इजा आहे, जिथून पायांची खबर मेंदूला जाते नेमकं तिथे. इजा खरी होती. झोंबणारी जीभ खरी होती, पिवळेपणा खरा होता. सगळे साक्षीदार एकाच माणसाकडे बोट दाखवत होते, आणि एकच साक्षीदार, तो रक्ताचा रिपोर्ट, म्हणत होता, छे, तो तर तिथे नव्हताच.

असला साक्षीदार आत्याबाईंनी उभ्या हयातीत एकाच प्रकारचा पाहिला होता. ज्याच्यापर्यंत आरोपी पोचलेला असतो.

त्यांनी फोन उचलला. "डॉक्टर, एक अडाण्यासारखा प्रश्न विचारते. ज्याने हे केलं, तोच तुमच्या तपासणीत ढवळाढवळ करू शकतो का?"

पलीकडे डॉक्टरीणबाई हसल्या. "मी तोच विचार करत होते. कालच्याच रक्तावर आणखी दोन तपासण्या लावल्यात. उद्या सांगते. आणि तोवर थांबायचं नाही, इंजेक्शन आजच सुरू करायचं. घेऊन या त्यांना."

६

रविवारी दुपारी आत्याबाईंनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. सूनबाई उंबऱ्याबाहेरच थांबली, बंदी होती ना. आत्याबाईंनी तिला हाताला धरून आत घेतलं आणि दादाने तोंड फिरवलं.

"दादा, तू म्हणालास, खुर्ची, न्हाणीघर, जेवण आणि टेबल, चारही ठिकाणी हजर असणारी एकच व्यक्ती आहे. बरोबर आहे तुझं. फक्त व्यक्ती चुकली. जेवणाच्या टेबलाशी झटका बसला तेव्हा सूनबाई खाली दारात होती. सिनेमाला अडखळलास तेव्हा ती आलीच नव्हती. दर वेळी तिथे होतास तो तूच."

दादाने मान वर केली.

"तू मान खाली घालतोस ती कामाच्या खुर्चीत, म्हणून तुला वाटलं करंट खुर्चीत आहे. करंट तुझ्या मज्जारज्जूत आहे. त्याच्यातल्या तारांवरचं आवरण झिजलंय, मान वाकवली की ताण येतो आणि झटका बसतो. पाय कुठे आहेत ही खबर वर पोचत नाही, म्हणून तू डोळ्यांनी बघून तोल सांभाळतोस. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, की गेला तोल. बोटांची खबरही पोचत नाही, म्हणून स्क्रू निसटतात. आणि हे सगळं होतं बी-१२ मिळालं नाही की. जीभ सोलते तीही त्यानेच."

धाकटा म्हणाला, पण दादा सगळं खातो.

"खातो. पोटात एक वाहक असतो, तो बी-१२ ला धरून पुढे रक्तात नेतो. दादाच्या शरीराचीच फौज त्या वाहकावर उलटली आहे. राखण करायला ठेवलेली माणसं घरच्याच माणसाला चोर समजून मारतायत." आत्याबाई इथे क्षणभर थांबल्या, आणि कोणाकडे बघायचं नाही हे त्यांनी कटाक्षाने पाळलं. "आईच्या आणि तुझ्या हातावरचा चट्टा, तीही तसलीच उलटलेली फौज. म्हणून डॉक्टरांना त्या बाजूने शोधावंसं वाटलं. त्या फौजेची माणसं तुझ्या रक्तात सापडली."

"आणि रिपोर्ट?" भाच्याने विचारलं. "तो कसा ठीक आला?"

"त्या तपासणीत बी-१२ मोजायला तोच वाहक वापरतात. फौजेने तिथेही जाऊन त्यालाच धरलं, आणि आकडा खोटा चांगला आला. नेहमी होत नाही, पण होतं. म्हणून डॉक्टरांनी दुसरं मोजलं. बी-१२ कामाला आलं नाही की रक्तात एक आम्ल साठतं. ते दादाच्या रक्तात भरपूर आहे. त्या साक्षीदारापर्यंत कोणी पोचलं नव्हतं."

आता जे उरलं होतं ते अवघड होतं. आत्याबाईंनी ते टाळलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण अर्धा निकाल देणं त्यांना कधी जमलं नाही.

"पोरी, तुझ्या गोळ्या विष नव्हत्या. पण त्यांनी एक केलं. बी-१२ कमी पडलं की रक्तही कमी होतं, त्यावरून डॉक्टरांना आधीच संशय आला असता. तुझ्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारलं आणि ती खूण पुसली गेली. आत मज्जारज्जू बिघडतच राहिला. तू जीव लावून केलंस. तरी न सांगता केलंस, आणि त्याने उशीर झाला."

सूनबाईने तोंडावर पदर धरला नाही की काही नाही. तिने सरळ दादाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

दुकानातल्या सगळ्या घड्याळांचा आवाज येत होता. धाकटा खिडकीबाहेर बघायला लागला. दादाला माफी मागता येत नसे, बहिणीला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि आज मागितल्याशिवाय तिला त्याला सोडायचं नव्हतं.

"किती परत येईल?" त्याने विचारलं.

"चालणं बरंचसं, आत्ता सापडलं म्हणून," आत्याबाई म्हणाल्या. "इंजेक्शन जन्मभर. बोटांचं डॉक्टर सांगू शकत नाहीत."

दादाने आपली बोटं एकमेकांवर घासून पाहिली. टेबलावर एका बाईमाणसाचं नाजूक घड्याळ उघडं पडलं होतं, महिनाभर अडलेलं. त्याने चिमटा उचलला, भिंग उचललं. खुर्चीकडे गेला, पण बसला नाही. खुर्चीची पाठ धरून तो उभा राहिला.

"तू विचारायला हवं होतंस," तो सुनेला म्हणाला. "आणि मी तुला ओळखायला हवं होतं. माझं जास्त चुकलं."

त्याने खुर्ची मागे ओढली आणि चिमटा तिच्यापुढे धरला.

"बस. करंट नाही त्यात."

सूनबाई बसली. तिने भिंग डोळ्याला लावलं, मान खाली घातली आणि कामाला लागली. दादा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, आणि बराच वेळ बघितल्यावर आत्याबाईंच्या लक्षात आलं की त्याने डोळे मिटले आहेत.